प्रभावहिनी आणि जत्रेचं पान

मंडळी, बसून घ्या. मागच्यांनी पुढे सरका, पेटीवाले, स्वर जरा खाली. आज गाण्याआधी एक प्रश्न टाकतो. अडाणी कोण? ज्याला येत नाही तो? की येत नाही म्हणून जो हातच लावत नाही तो? नाही, उत्तर आत्ता नको. पुढच्या रांगेत माना डोलायला लागल्या, पण डोलणाऱ्या मानांवर माझा विश्वास नाही! आधी ऐका.

कोकणात शिवणकोंड नावाचं गाव. गावदेवी भावकाई. आणि या भावकाईच्या जत्रेला पंचांगातली तिथी नाही बरं का! गुरव देवीला तांदूळ लावतो, कौल मागतो. देवी सांगेल तो दिवस. जत्रा एक दिवसाची, आणि माहेरवाशिणींनी देवीची ओटी भरायची ती त्याच दिवशी. चुकली की गेली वर्षावर.

आता लांबच्या लेकींना तारीख कळावी कशी? तर चार वर्षांपूर्वी पुण्याच्या एका भक्ताने देवस्थानाची वेबसाइट करून दिली. वेबसाइटला मागून एक दार असतं. त्यातून आत जायचं, मजकूर बदलायचा, बटण दाबायचं, की जगभर दिसतो. त्या दाराचा पासवर्ड त्याने कागदावर लिहून दिला. विश्वस्तांनी काय केलं? कागद देवीच्या पायाशी ठेवला! दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू, फूल, अक्षता. पूजा झाली तीन वर्षं — दार उघडलं नाही एकदाही! हसताय काय? भक्ती कमी नव्हती हो, फक्त तारीख तीन वर्षांपूर्वीची होती.

गेल्या वर्षी ती जुनी तारीख वाचून सुरतेहून हेमलता नावाची लेक आली. जत्रा होऊन गेलेली. अंगणात झाडलोट चाललेली. हातात खण-नारळ घेऊन ती पोर उभी राहिली आणि रडली. झाडत कोण होतं? गुरवाच्या घरची प्रभावहिनी. वय बावन्न, शिक्षण सातवी. तिच्या हातातला झाडू थांबला. तिनं मनाशी ठरवलं, पुढच्या वर्षी एकही लेक अशी परत जाणार नाही.

गेली थेट अध्यक्षांकडे. भिवाजीराव म्हणजे मोठं प्रस्थ. म्हणाले, "वहिनी, तुम्ही हार गुंफा. हे यंत्राचं काम. बिघडलं म्हणजे?"

"भाऊ, आत्ता काय सुधारलेलं आहे त्यात?"

वा, वहिनी! भिवाजीरावांनी कागद दिला. त्यावरची अक्षरं हळदीत बुडालेली, म्हणून पुण्याला फोन करून पासवर्ड नवा घ्यावा लागला.

तालुक्याच्या वाचनालयात नसीमा मुकादम नावाच्या बाई वेबसाइटचा वर्ग घेत. वहिनी रोज एसटीने जायची. पहिल्या दिवशी माऊस टेबलाखाली पडला, दुसऱ्या दिवशी सगळी अक्षरं लाल झाली! पण नसीमाबाई जाणत्या. विचारलं, "काकी, तुम्ही घरी काय करता?"

"देवीचं सगळं करते."

"मग हे तेच. आतली ठरलेली पानं म्हणजे गाभारा, तो हलत नाही. रोजच्या बातम्या म्हणजे फुलं. रंगरूप म्हणजे देवीचं लुगडं, कितीदाही बदला, देवी तीच. आणि लिहून नुसतं ठेवलंत, तर तो झाकलेला नैवेद्य. 'प्रसिद्ध करा' दाबलं की दाखवला."

मंडळी, मग काय! वहिनी शिकली ती झपाझप. फोटो चढवले, ओटीच्या वेळा लिहिल्या, गावचा नकाशा टाकला.

माघात कौल लागला. जत्रा नवव्या दिवशी! वहिनी सकाळीच देवस्थानाच्या कचेरीत संगणकापुढे बसली. आणि इथे, पेटीवाले, जरा थांबा, इथे घात झाला. देवळात रोज पहिलं काम कुठलं? कालची फुलं काढायची, मग नवी वाहायची. हाताला तीस वर्षांची सवय! तिनं जुनं म्हणून जत्रेचं अख्खं पानच काढून टाकलं. ज्या पानाचा पत्ता गावोगावच्या लेकींनी फोनमध्ये जपून ठेवलेला, तेच!

फोन सुरू झाले. "वहिनी, पान सापडत नाही म्हणतंय." "वहिनी, जत्रा नाही का यंदा?" भिवाजीराव दारात हजर. "मी म्हटलं नव्हतं?" नसीमाबाई वर्गात, त्यांचा फोन बंद. नव्या पत्त्याचं पान करावं, तर तो पत्ता लेकींना कोण सांगणार? डोळे भरून आले तिचे.

तुम्ही-आम्ही असतो तर? संगणक बंद, आणि "आपल्याला नाही जमत बुवा"! पण वहिनी हळूच म्हणाली, "भाऊ, आपण निर्माल्य लगेच टाकतो का?"

"नाही. टोपलीत ठेवतो. साठलं की नदीत सोडतो."

"मग ह्याचीपण टोपली असणार."

आणि शोधायला लागली. हे दार उघड, ते दार उघड. डाव्या बाजूला, खाली — होती! काढलेलं सगळं आत जसंच्या तसं. 'परत ठेवा' दाबलं. जत्रेचं पान आपल्या जागी, आपल्या जुन्या पत्त्यावर! मग तिनं फक्त तारीख पुसली, नवी घातली, वार घातला, सालही घातलं. तीनदा वाचलं. देवीला हात जोडले आणि नैवेद्य दाखवला.

जत्रेच्या दिवशी पहाटे रांग लागली ती वेशीपर्यंत. रांगेत पहिली कोण? हेमलता! वहिनीनं तिचा हात धरून गाभाऱ्यापाशी नेलं. ओटी भरताना दोघी रडल्या. भिवाजीरावांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, "तारखेचं काही विचारायचं असेल, तर आमच्या प्रभावहिनींना विचारा." आमच्या! ऐकलंत ना?

आता तुमच्याकडे वळतो. चुकली का वहिनी? चुकली. पण हात लावला म्हणून चुकली, आणि हात लावला म्हणूनच सावरली. तुम्ही घरी काय म्हणता? "बाळा, एवढं करून दे." वर्षानुवर्षं करून दे! अहो, मीसुद्धा तेच. माझ्या कीर्तनांच्या तारखा वेबसाइटवर जावई टाकतो, आणि मी ऐटीत वहिनीची गोष्ट सांगत फिरतो. एका गावात एका म्हातारीनं मला विचारलं, "महाराज, तुम्हाला येतं का?"

गेल्या सोमवारपासून मी वर्गाला जातोय. पहिल्या बाकावर बसतो, आणि अक्षरं माझीही लाल झाली आहेत. तेव्हा आज घरी जाऊन मुला-नातवंडांना 'करून दे' म्हणू नका. शेजारी बसा आणि म्हणा, "दाखव. मी करतो."