अकोल्याच्या करंटावर

(अकोला, १९६७. रेडिओ दुरुस्तीचं लहानसं दुकान. टेबलावर अमेरिकेहून आलेला टेपरेकॉर्डर. दुपार.)

देवमन : थांब, सूर्यभान. बटण दाबू नकोस. मागची पट्टी पुन्हा एकदा वाच.

सूर्यभान : किती डाव वाचू, गुरुजी? एकशेसतरा व्होल्ट. आपल्या अथी दोनशेतीस. म्हून तं हा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला मी. करंट निम्मा करून देते. मशीन जळत नाई.

देवमन : नक्की?

सूर्यभान : आधी बल्ब लावून पायला. शाळेत तुमी मले चुका करू देत होते का?

देवमन : देत नव्हतो. तरी तू करायचास.

भागीरथा : तुमी गुरू-चेले मंग बोला. आधी माह्या पोराले बोलू द्या. हिवरखेडहून सकाळच्या मोटारीनं आली मी, ते का तुमचे व्होल्ट आयकाले?

देवमन : भागीरथा, हे जळलं तर आतली फीतही जाईल. आपल्या शेषरावाचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. घाई नको.

भागीरथा : घाई? आठ महिने झाले. अमेरिकेत शिकाले गेला, तथी बरफावर गाडी घसरली, पोरगा गेला, तथीच त्याले जाळला. अथी आली एक पेटी. त्यात दोन कोट, तुमी देल्ला रेडिओ आन हे मशीन. मी काय घाई केली?

सूर्यभान : माय, बस तू. स्टूल घे.

भागीरथा : तुले एक सांगू, सूर्यभान? मले त्याचा आवाज आठोत नाई. चेहरा आठोते. जेवतानी पाय हालवे, थे आठोते. पन आवाज जाऊन राहिला. घागर पाझरते ना, तसा. म्हून म्हनते, लाव.

देवमन : लाव.

टेप : जयभीम, आई. जयभीम, बाबा. मी शेषराव बोलून राहिलो...

भागीरथा : कोन होय हा?

टेप : इथं बरफ पडून...

भागीरथा : बंद कर! बंद कर रे! हा माहा पोरगा नाई. कोन म्हातारा बसवला यात?

देवमन : सूर्यभान, काय केलंस तू?

सूर्यभान : काईच नाई केलं, गुरुजी, शप्पथ. बोल त्याचेच हायत. अमेरिकेत ‘बोलून राहिलो’ दुसरं कोन म्हनन?

भागीरथा : त्याचा आवाज बारीक होता. वावरातून हाक मारे तं नाल्यापल्याडची मानसं पाये. हा तं विहिरीतून बोलल्यावानी...

सूर्यभान : मले ठाऊक नाई का त्याचा आवाज? शाळेत एका बस्करावर बसलो आमी. थांबा जरा. पट्टीवर अजून काई लिवलं हाय... हात् तिच्या! साठ सायकल. गुरुजी, मी व्होल्टच पायले. हे नाईच पायलं.

देवमन : आणि आपल्याकडे पन्नास.

सूर्यभान : पन्नास. व्होल्ट उतरवता येते. हे नाई येत.

भागीरथा : मले समजन असं बोला कोनी.

देवमन : हे बघ. शाळेत पोरं लेझीम खेळतात. ढोल वाजतो तसे त्यांचे पाय पडतात. ढोलवाल्याने हात संथ केला तर?

भागीरथा : पोरं बी हळू खेळतीन.

देवमन : या यंत्रातलं चाक तसंच आहे. करंटाच्या ठेक्यावर फिरतं. अमेरिकेचा ठेका सेकंदाला साठ, म्हणजे जलद; अकोल्याचा पन्नास, म्हणजे संथ. चाक हळू फिरलं की फीत हळू सरकते. फीत हळू सरकली की आवाज खाली उतरतो, जाडा होतो.

भागीरथा : म्हंजे थोच होय?

देवमन : तोच.

भागीरथा : थोच बोलला. आन मी त्याले म्हनलं, बंद कर.

सूर्यभान : माय, त्याले काय समजते आता... तसं नाई म्हनत मी. दुरुस्त होते हे. फीत ओढनारा जो दांडा हाय ना, त्यावर पितळेची बारीक टोपी चढवतो. दांडा जाड झाला की फीत जोरानं सरकन. लेथवाल्याकडून उद्या दुपारलोक करून आनतो. मंग बरोब्बर शेषराव बोलन.

देवमन : मग आज राहू दे. उद्या ऐकू.

भागीरथा : काहून?

देवमन : तुझ्या कानात हा चुकीचा आवाज बसेल. जो थोडा उरलाय, तोही पुसून जाईल. मी जन्मभर पोरांना शिकवलं, भागीरथा. पहिल्यांदा चुकीचं बसलं की मग काही केल्या निघत नाही.

भागीरथा : त्यानं जयभीम केला. मी जवाब नाई देल्ला. लेकराच्या तोंडावर दार लावून उद्यालोक कशी बसू? लाव, सूर्यभान.

सूर्यभान : गुरुजी?

देवमन : तिचं ऐक.

टेप : इथं बरफ पडून राहिला. खोलीच्या बाहेर भिंतीवर फोन आहे, आई. सुट्टीच्या दिवशी पोरं रांगेनं उभे राहतात आन आपापल्या घरी बोलतात. मले विचारतात, तू नाई बोलत? आता मी कोनाले फोन लावू? हिवरखेडले ट्रंककॉल लागलाच तं पोस्टमास्तर उचलन. म्हून हे मशीन घेतलं. हाच आपला फोन समज. मी बोलतो, मंग थांबतो. तू तथून जवाब दे. सांग, आई, जेवली का?

सूर्यभान : काय झालं? फीत अटकली काय?

देवमन : नाही. फिरतेय. तो थांबलाय.

टेप : जेवली असशीनच. बाबा, तुमचा रेडिओ इथं बोलत नाई. इथल्या करंटानं त्याचं पोट भरत नाई. नुसता आतला दिवा लागते, मिणमिण. तुमी म्हनान, मंग ठेवला काहून? झोपतानी थोच दिवा लावून ठेवतो. आपल्या खोलीत असल्यासारखं वाटते.

देवमन : ओझं होईल म्हणत होता. मीच बळेबळे दिला.

सूर्यभान : थांबवू का, गुरुजी? पानी आनतो.

देवमन : थांबव जरा. पाणी तिला दे.

भागीरथा : मले नाई पायजे. मी रडत नाई. अवो, तुमचा रेडिओ तथी जाऊन मुका झाला. आन पोरगा अथी येऊन म्हातारा झाला.

देवमन : उद्या टोपी बसली की...

भागीरथा : आयका तं. साठीले आला असता तं असाच बोलला असता ना थो? असाच जाडा, थांबून थांबून?

देवमन : ...असाच. माझ्या बापाचा आवाज असाच होता. मघाशी मलाही तेच वाटलं. बोललो नाही.

भागीरथा : काहून नाई बोलले?

देवमन : चुकीचं आहे म्हणून.

भागीरथा : सव्वीसचा होता हो. लेकाचं म्हातारपन कोनती माय पायते? त्याच्या आधी थेच जाते. मले नुसतं आयकाले तं भेटलं. सूर्यभान, उद्या बसव तुही टोपी. उद्या त्याले जवान कर. मले थो बी पायजे. आज असाच राहू दे.

सूर्यभान : बरं, माय.

देवमन : फीत मागं घे, सूर्यभान. पहिल्यापासून लाव.

सूर्यभान : घेतली. आन दुकानाचं फाटक लोटून घेतो. गिऱ्हाईक येईन-बियीन.

टेप : जयभीम, आई. जयभीम, बाबा. मी शेषराव बोलून राहिलो.

देवमन : जयभीम, बेटा.

टेप : इथं बरफ पडून राहिला. खोलीच्या बाहेर भिंतीवर फोन आहे, आई...

भागीरथा : हाव.

टेप : ...हाच आपला फोन समज. मी बोलतो, मंग थांबतो. तू तथून जवाब दे. सांग, आई, जेवली का?

भागीरथा : जेवली, बाप्पा. तू बोल. सावकाश बोल.