आई दिसायला हवी

...आणि वर ताई मलाच विचारते, "तुला खरंच येतं का रे हे?" येतं का म्हणजे? तुम्हाला सांगतो, घरात सगळं नीट चालत होतं हो!

झालं असं, की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ताई सासरी, लांब. तिने फोनवरूनच हुकूम सोडला, "आईच्या खोलीत कॅमेरा लाव. मला इथून आई दिसायला हवी. रविवारपर्यंत दिसली नाही, तर मी येऊन तिला घेऊन जाणार!" आता घरात माणसं दोन, आई आणि मी. ती गेली तर मी बोलू कुणाशी? बाहेर तर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही...

मग बसलो! शाळा आठवीत सुटली, पण मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात चार वर्षं काढलीत. कॅमेरा लावला, माझ्या फोनवर आई दिसली, कॅमेऱ्याचा तो लांबलचक आकडी पत्ता ताईला कळवला. दोन मिनिटांत तिचा फोन! "अरे, आई कुठाय? इथे आमचा प्रिंटर आलाय, शाई संपली म्हणतोय!"

मी गार! घरात तर सगळं नीट चालत होतं हो! मग हळूहळू उजेड पडला... तो पत्ता घरातल्या घरातला. तसले आकडे घरोघरी तेच! माझ्याकडे त्या आकड्यावर आई, ताईकडे प्रिंटर! बाहेरच्या जगाला पत्ता माहीत असतो तो फक्त राउटरचा, त्या वायफायच्या डब्याचा. फोन, टीव्ही, कॅमेरा, सगळ्यांच्या वतीने बाहेर तोच बोलणार. आतल्याने काही मागवलं, तर आलेलं उत्तर ज्याचं त्याला पोचवणार. पण बाहेरून कुणी आपणहून आलं, की हा गप्प! अगदी माझ्यासारखा... त्याला आधी बजावून ठेवावं लागतं, बाबा रे, या दारावर कुणी आलं तर सरळ कॅमेऱ्याकडे पाठव.

रविवारी सकाळपासून आईच्याच खोलीत राउटरपुढे ठाण मांडलं. सेटिंगचं पान इंग्रजी, एकेक शब्द लावत बसलो. आई मागून म्हणे, "अरे, दोन घास खाऊन घे." मी म्हणे, "थांब गं!" "चहा तरी?" "थांब गं!" चार वाजता राउटरचा पत्ता ताईला पाठवला. आणि काय सांगू तुम्हाला...

"दिसली! आई दिसली!" ताई फोनवर ओरडली. मी नाचायचाच बाकी!

मग एकदम म्हणाली, "अरे, हे काय!"

"काय गं? अडकलं का?"

"नाही रे. स्वच्छ दिसतंय. काठी टेकत तुझं न शिवलेलं ताट उचलून चाललीये. आणि तू तिच्याकडे पाठ करून बसलायस."

मी वळून बघितलं... खरंच की! दिवसभर चार पावलांवर होती. ताई म्हणाली, "उद्या येते मी." मी म्हणणार होतो, ताई, घरात सगळं नीट चालत... पण ते काही तोंडातून निघेना.

आता कॅमेरा रिकामी खाट दाखवतो. चित्र मात्र, तुम्हाला सांगतो, एकदाही अडकत नाही!