पिवळी रेघ आणि नळ

मास्तर : ताई, शेवटचं सांगतो. फलाटाच्या टोकाचा तो नळ सोड आणि इकडे पिवळ्या रेघेपाशी ये.

ताई : शेवटचं म्हणून कितव्यांदा सांगतोयस? गाडी नळाशी थांबते. माझं लग्न व्हायच्या आधीपासून नळाशीच थांबते.

मास्तर : ती जुनी गाडी! तिला थांबवायची फलाटाच्या मधोमध आणि ती थांबायची फलाटाचं टोक ओलांडून. अर्धे डबे खडीत. ब्रेकच म्हातारे झाले होते बिचारीचे.

ताई : मग खडीत चढलोच की आम्ही. कुणाचं काही अडलं?

मास्तर : शिंप्याच्या आईचा पाय मोडला.

ताई : ती मुळात धांदरट. आणि जुन्या गाडीला नावं ठेवू नकोस हं. दाराला सुतळी बांधलेली असायची, छत गळायचं, पण रोज यायची. ती बंद करायला निघाले होते तेव्हा रुळावर पहिली कोण जाऊन बसली होती?

मास्तर : तू.

ताई : आणि मास्तरसाहेब कुठे होते?

मास्तर : नोकरीत होतो, ताई! स्टेशनमास्तरनंच रुळावर बसायचं का? तुला चहा मी पोचवत होतो ते विसरलीस.

ताई : बिनसाखरेचा.

मास्तर : आता साखर राहू दे बाजूला! नीट ऐक. आज नवी गाडी येतेय. चाचणी आहे, साहेब लोक आत बसलेत. दारं मिनिटभर उघडी राहणार, मग आपोआप मिटणार. तेवढ्यात सगळे चढले तर आपल्याला थांबा मिळणार. एक जरी माणूस खाली राहिला तर गाडी उद्यापासून न थांबता जाणार. मग मोठ्या दवाखान्यात जायचं झालं की बस. घाट चढत, ओकत.

ताई : सकाळी सकाळी ओकायचं काय बोलतोस!

मास्तर : अगं, माझा जीव टांगणीला लागलाय इथे. प्रत्येक दारासाठी फलाटावर रेघ आखलीय, दोरी लावून, स्वतःच्या हातानं. आणि सगळं गाव त्या नळाशी जमलंय. का? तर तू तिथे उभी आहेस म्हणून.

ताई : कारण त्यांना अक्कल आहे. अरे, गाडी चालवतंय कोण? आपली भिंगरी. तिला माहीत नाही होय आत्या कुठे उभी असते ते? बरोबर माझ्यापाशी आणेल. एवढीशी असल्यापासून वाढवलीय मी तिला.

मास्तर : तू वाढवलीस म्हणूनच सांगतो, नाही आणणार. ठरल्या जागी थांबवेल.

ताई : आत्या दिसत असताना?

मास्तर : आत्या दिसत असताना.

ताई : बाप आहेस की कोण आहेस तू? पोरीची काही माया आहे की नाही तुला?

मास्तर : माया आहे म्हणून तर बोलतोय. ताई... तुला सांगणार नव्हतो. भिंगरीनं शपथ घातलीय.

ताई : कसली शपथ? बरी आहे ना ती?

मास्तर : बरी आहे गं. एक साहेब भर बैठकीत म्हणाले, ही बाई जुन्या गाडीवर तयार झालेली. हिचा हात तसाच पडणार, ही नवी गाडीसुद्धा पुढेच नेणार. तर ही म्हणाली, माझ्या गावी चला, दाखवते. सगळ्यांसमोर! म्हणून ते आज गाडीत बसलेत.

ताई : कोण तो?

मास्तर : कळून काय करणार आहेस?

ताई : नळ इथेच आहे. बादली भरून ओतते डोक्यावर.

मास्तर : ओत. पण आधी विचार कर. गाडी येईल, ते साहेब खिडकीतून बघतील. त्यांना दिसणार काय? सगळं गाव नळाशी उभं. म्हणतील, बघा, हिच्या घरच्यांनाच हिच्या ब्रेकची खात्री नाही.

ताई : माझ्या पोरीबद्दल असं म्हणतील?

मास्तर : तिच्याबद्दलच.

ताई : मेल्या, हे आधीच सांगायला काय झालं होतं तुला! ए, ऐका गं सगळ्या! उचला पिशव्या! चला रेघेपाशी! शिंपीदादा, आईला धरा आधी. अहो सायकल कुठे घेताय, सायकल बसायची आहे का गाडीत? शाळेच्या बाई, तुमच्या पोरांना दोन-दोन करून त्या पुढच्या रेघेला लावा. बघतोस काय, बाजूला हो!

मास्तर : झालो, झालो.

ताई : कुठली रेघ माझी?

मास्तर : ही. थोडी मागे उभी राहा.

ताई : मागे का? रेघ तू आखलीस ना? पोर आपली ना? मग मी रेघेला अंगठे लावून उभी राहणार.

मास्तर : हट्टी आहेस.

ताई : आहेच. अरे... एक सांगू? हसायचं नाही.

मास्तर : नाही हसत.

ताई : मला तो नळ सोडवतच नव्हता. ती शिकायला गेली होती ना, सुट्टीला आली की नळाशीच उतरायची. उतरली की आधी ओंजळ धरायची. मी नळ सोडायचे आणि ती पाणी पिताना माझ्याकडे बघून हसायची. आज म्हटलं, इतकी मोठी गाडी घेऊन येतेय, एकदा तिथेच बघावी तिला.

मास्तर : ताई...

ताई : पुरे आता. आली बघ! अगं बाई, केवढी लांब! आणि आवाज कसा नाही हिला? अरे, जोरात येतेय. पुढे जाणार ही!

मास्तर : नाही जाणार.

ताई : जाते रे, जाते...

मास्तर : नाही म्हणतो ना!

(गाडी फलाटाला लागते. थांबते. दारं उघडतात.)

ताई : अरे... दार माझ्या नाकासमोर आलं. बघ, अंगठ्यासमोर! थांबवलीन रे पोरीनं!

मास्तर : बघतोय. ऊर भरून आलाय माझा. चढा, चढा सगळे! ताई, तूही चढ.

ताई : आधी शिंप्याची आई. हां, सांभाळून... पोरं चढली?

मुलगी : (भिंगरी, वॉकीटॉकीवरून) बाबा, फलाट कसा दिसतोय?

मास्तर : सगळी दारं रेघांवर आहेत. एकही चुकलं नाही.

मुलगी : आत्या कुठेय? मला दिसत नाहीये.

मास्तर : इथे माझ्याजवळ, रेघेवर उभी आहे.

मुलगी : रेघेवर? अहो बाबा, मी नळाशी आहे! खिडकीला लागूनच आहे नळ. मला वाटलं ती इथे असेल.

ताई : काय म्हणतेय? नळाशी कशी गेली ती?

मास्तर : अगं, दारं फलाटावर नीट लागली की इंजिन टोकाशीच जाणार, आणि नळ टोकाशीच आहे. इतक्या रेघा आखल्या, पण माझ्या डोक्यात आलं नाही.

ताई : म्हणजे आणलीन होती माझ्यापाशी. जाऊन येऊ का रे? एवढंसं तर अंतर.

मास्तर : दार मिटेल, ताई. खाली फक्त तूच राहिली आहेस.

ताई : लांबूनच एक...

मास्तर : ताई.

ताई : बरं. धर माझी पिशवी. आता दे आत. जुन्या गाडीच्या पायऱ्या चढून गुडघे गेले आणि हिला पायरीच नाही. हं. झाले मी आत. तिला सांग.

मुलगी : बाबा, दारं मिटताहेत. कुणी राहिलं का खाली? साहेब विचारताहेत.

मास्तर : कुणी नाही. आत्यासुद्धा चढली.

मुलगी : नळ सोडून?

मास्तर : नळ सोडून. काय म्हणतात साहेब?

मुलगी : खिडकीतून त्या रेघांकडे बघताहेत... थांबा हं. म्हणाले, उद्यापासून इथे थांबायचं.

मास्तर : मग निघा आता, चालकबाई. तुमच्या गाडीत माझी बहीण बसलीय.