बोट दाखवून मिळतं तेवढंच

भरवसा कुणावर ठेवायचा, हेच ना तुमच्या मनात, वहिनी? विचारून गेले साहेब, पण प्रश्न तुमचा होता — चेहऱ्यावर दिसतोय. बसा, त्यांना टेम्पो मिळायला वेळ लागेल. त्या नाही, ह्या खुर्चीवर. घट्ट आहे. — छे, छे, ही विकायची नाही, बसायलाच आहे.

तर परराज्यात पहिला भरवसा जुन्या सामानावर ठेवायचा. तुम्ही घेतलंत ते कपाट तीन बिऱ्हाडं फिरून माझ्या दुकानात आलंय — कुरकुरतं, पण दगा देत नाही. माणसाबद्दल एवढं कोण सांगेल? घरमालक फार गोड बोलला, तर आधी नळ सोडून बघायचा. कचरेवाली आणि तळमजल्यावरची म्हातारी, ह्या दोघींना धरून राहायचं, बाकी गाव त्याच सांगतात. आणि भाषा? तिचं काय घेऊन बसलात! मी शाळेत फारसा टिकलो नाही, पण इथली भाषा तीन महिन्यांत आली — गिऱ्हाइकाशी घासाघीस केली की येतेच, पोट शिकवतं. आमच्या मंडळींना नाही आली. तिला गरजच काय होती? मी होतो ना बोलायला! दूधवाल्याशी मी, शेजाऱ्यांशी मी. बाजारात तेवढी एकटी जायची, बोट दाखवून आणायची — म्हणजे समोर मांडलेलं असेल तेच. कांदे, बटाटे, टोमॅटो. मुळा तिच्या जिवाचा, पण तो मागे ओल्या पोत्याखाली; मागायचा तर नाव यायला हवं. मला वाटायचं, हिचा मुळ्यावरचा जीव उडाला! आणि तिकडे आपल्या मुलखात, घरी हीच बाई — काय सांगू — हाक मारली की पलीकडच्या गल्लीतून ओ यायची. आई म्हणायची, अरे, सुनेच्या जिभेला जरा गाठ मार. इकडे आलो आणि गाठ आपोआपच... डॉक्टरीणबाईंनीसुद्धा तिलाच विचारलं हो, कुठे दुखतं, कधीपासून? ही बघते माझ्याकडे. मी सांगितलं — पोटात, कालपासून. जिना उतरताना म्हणाली, "कालपासून नाही हो. फार दिवस झाले." म्हटलं, बरं, पुढच्या खेपेला सांगू. — पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला काही विचारलंच नाही. माझ्याशीच बोलल्या, बाहेर नेऊन. — पाणी देऊ? नको? बघा, नुसती मान हलवलीत.

आले साहेब. कपाट उजेडाच्या भिंतीला लावणार की दाराकडच्या? — थांबा साहेब, मी वहिनींना विचारलं. — राहू दे, राहू दे. घरी गेल्यावर ठरवा. पण एक करा वहिनी, रागावू नका. दिवस मावळला की मनाशी मोजायचं, आज आपण आपल्या तोंडाने किती जणांशी बोललो. नवरा धरायचा नाही. बोट दाखवलेलं धरायचं नाही. आणि आज दुकानदाराशी बोलले, असं मांडू नका — बोललो मीच. आज शून्य. उठा आता, टेम्पोवाला खोळंबलाय. हिशेब तेवढा खरा ठेवा.