मागच्या फळीवरचा रेग्युलेटर

नाही, तो चकचकीत नको – तो पुढे का मांडलाय ते कळतं मला – जो खपत नाही तो पुढे आणि चांगला तो मागे, सगळ्या दुकानांची एकच तऱ्हा. भाजीवाला तेच करतो, कापडवाला तेच करतो. तुम्ही माझ्याकडे बघून ठरवून टाकलंत, बाई आहे, वयस्कर आहे, हातात कापडी पिशवी आहे, हिला पेंटबॉलमधलं काय कळणार. नाहीच कळत. पण रेग्युलेटर कळतो हो! उभा जन्म सिलिंडरवर रेग्युलेटर चढवण्यात गेला. आत दाब ठासलेला, तो जसाच्या तसा बाहेर आला तर घर उडेल, म्हणून मध्ये हा बसतो आणि बेताबेताने सोडतो. तुमच्या त्या बंदुकीचंही – बरं, मार्कर म्हणा – तसंच ना? टाकीतल्या हवेला हा लगाम घालणार, म्हणजे रंगाची गोळी समोरच्याला लागावी पण इजा होऊ नये. मग झालं तर.

कुणासाठी म्हणजे? भाच्यासाठी. वाढदिवस आहे त्याचा. कुठला मार्कर आहे ते मला काय माहीत, जुना रेग्युलेटर आणलाय ना मी, त्याच्या आट्यांवर आटे जुळवा – थांबा, रुमालात बांधलाय – हा घ्या. काय झालं? ओळखीचा वाटला का? मग असं मागच्या फळीकडे का बघितलंत? बघितलंत हो, मी समोरच उभी आहे. हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेला रेग्युलेटर काय जगात एकच असतो? असेल कुणी हौशी, गुंडाळली असेल. चहा नको. बरं, मागवलाच आहे तर बिनसाखरेचा. नाही, मधुमेह-बिधुमेह काही नाही, साखर सोडलीय मी. आहे एक बोललेलं, देवाचं आणि माझं. तुम्ही आटे बघा.

आता हा काळा. हा बरा दिसतो, पण दिसण्यावर मी जात नाही. टाकीला लावून दाखवा. आणि एका वाटीत साबणाचं पाणी आणा – हसताय कशाला, घरी सिलिंडर बदलला की मी फेस लावून बघतेच, बुडबुडा आला की माणूस परत पाठवते, सगळ्या गल्लीत माझं नाव आहे त्यासाठी. लावा. सांध्याला लावा, तिथे नाही, खाली. हं. बुडबुडा नाही. आता जुना लावा बरं त्याच टाकीला. लावा तर खरं, मला बघायचंय त्याचं नेमकं दुखणं काय आहे. इथेही बुडबुडा नाही? मग बिघडलं काय याचं? काय? दाबाच्या काट्याकडे बघू? बघतेय. थांबलाय की. नाही – सरकतोय. अगं बाई! कुणी हात लावला नाही तरी चढतोय! म्हणजे नुसतं स्वस्थ ठेवलं की आतल्या आत दाब चढत राहतो – आणि मग पहिलीच गोळी नको तेवढ्या जोरात सुटते – आणि पुढच्या नीट जातात? पहिलीच तेवढी?

म्हणजे खोटं नव्हता बोलत तो.

तो म्हणजे कुणी नाही. त्यांच्या संघाचा कप्तान. खेळाआधी एक यंत्र धरतात ना नळीपुढे, गोळीचा वेग मोजायला, त्यात ही नापास झाली. एकदा उडवली, नापास. परत उडवली, पास. मग जरा थांबायला लावून परत, तर नापास. ‘वेग जास्त येतोय’ म्हणून त्याने मान हलवली आणि हिला बाहेर बसवलं. मला वाटलं, मुद्दाम. बाईमाणूस म्हणून. नाहीतर दुसरंच काही मनात असेल म्हणून – बाहेर बसव, मग समजूत काढायला जवळ जा, पाण्याची बाटली पुढे कर – केली ना त्याने, मी बघितली – जाळीच्या बाहेर टपरी आहे, तिच्या आडून सगळं दिसतं.

भाचा ना... बरं, ऐका. भाचा-बिचा कुणी नाही मला. सून आहे. मुलगा गेला त्याला वर्ष उलटून गेलं, ताप आला आणि त्या तापातच गेला, ते राहू दे. त्याचाच तो मार्कर. हिरवी पट्टी त्यानेच गुंडाळलेली, लहानपणी पेन्सिलीला गुंडाळायचा तशी. आणि ही काय करते, रविवारी सकाळी ‘मैत्रिणीकडे जाते’ म्हणते आणि जाते. संध्याकाळी येते ती थेट न्हाणीघरात. पण कानामागे रंग राहतो हो! निळा, कधी गुलाबी. दंडावर काळानिळा डाग. मैत्रिणीकडे दंड सुजतो का कुणाचा? मी विचारलं नाही. मी विचारणारी बाई नाही, मी बघणारी बाई आहे. एका रविवारी गेले मागोमाग. बघते तर काय, त्याच्याच संघात, त्याच्याच जागी, त्याचा मुखवटा घालून पिंपामागे दडलेली. आणि गोळी लागून बाहेर आली ना, तर मुखवटा वर करून हसत होती. अशी हसत होती की – मी टपरीच्या बाकावर बसूनच घेतलं.

हो, तेच बोलले होते. ती पुन्हा मोकळी हसेल त्या दिवशी साखर तोंडात घालीन. मग घातली का? नाही घातली. मी म्हटलं, देवा, मी घरातलं हसू मागितलं होतं, हे मैदानातलं, हे धरायचं नाही. शिवाय शेजारी तो कप्तान उभा, तोही हसतोय. माझा देवाशी हिशेब चोख असतो, पण त्या दिवशी लबाडी कुणी केली ते देवाला ठाऊक आणि मला ठाऊक. आणि आता तुम्हाला. कुणाला सांगू नका.

आता वेगात नापास होऊन बाहेर बसली त्या रविवारपासून ही गप्प. रेग्युलेटर काढला आणि स्वयंपाकघरातल्या खणात टाकला, चमच्यांच्या शेजारी. भाजी चांगली झालीय म्हणते, तेही ताटाकडे बघून. काल म्हणाली, रविवारी घरीच आहे मी, आई. मला आनंद व्हायला हवा होता ना? इतके रविवार मी टपरीआड काढले, घरी राहू दे म्हणून. आणि काल ती घरी राहते म्हणाली तर आज मीच तो खणातून काढून रुमालात बांधला. म्हणून आले. ती कामावरून यायच्या आत मला परतायचंय. हा काळा द्या बांधून, मी गुपचूप खणात ठेवून देईन, तिला वाटेल... काय वाटेल ते वाटू दे.

पण आधी तो मागचा दाखवा. फळीवरचा, खाकी कागदातला. अहो, मघापासून तीनदा वळलात तिकडे, मी काय आंधळी आहे? आधीच कुणी सांगून ठेवलाय? बरोबर, चांगला माल नेहमी कुणीतरी सांगूनच ठेवलेला असतो. नुसता हातात तर द्या, मी काय घेऊन पळणार आहे? याचा आटा – अहो, याचा आटा तंतोतंत जुळतोय. आणि ही काय, हिरवी चिकटपट्टी? नव्या मालाला चिकटपट्टी? कुणी गुंडाळायला सांगितली?

कोण? उंच आहे का? अंगठ्याला पट्टी, बोलताना मान खाली?

फोटो दाखवला तुम्हाला. हुबेहूब असाच हवा म्हणाला. का पण? त्याला काय पडलंय? दुसऱ्याच्या सुनेसाठी कुणी एवढं – काय म्हणाला? नाही, जसं म्हणाला तसं सांगा, पॉलिश करू नका. ‘मित्राची जागा रिकामी राहायला नको.’ हं. आणि? आणखी काहीतरी आहे, तुमची नजर पडली खाली. सांगा हो. माझं काय जाणार आहे आता.

‘तिच्या सासूबाईंना कळू देऊ नका.’

का ते नाही सांगितलं? नाही सांगितलं तरी कळलं. ती चोरून जाते, हा चोरून देतो, तुम्ही चोरून फळीवर ठेवता. मी आपली टपरीआडून बघत बसले, ही मंडळी काय लपवतात म्हणून. मला वाटलं, हिला कुणी फशी पाडतंय. आणि ही सगळी जपत होती, मला. की माझ्यापासून? दोन्ही असेल. चहा निवला माझा.

नको, गरम नका करू. साखरही नको अजून, रविवार होऊ दे.

हा काळा ठेवा परत जागेवर. हो, चांगला आहे, पण नको. तो खाकीतलाच जाऊ दे तिच्याकडे, त्याच्याच हातून. आणि बांधण्याआधी साबणाचं पाणी लावा त्यालाही, मैत्री असली तरी सांधा बघावा लागतोच. जुना माझा द्या इकडे, चमच्यांशेजारी होता तिथे ठेवते, कुणी हलवलाय असं दिसायला नको. रुमाल कुठे गेला? हा.

नाही, त्याला काही सांगायचं नाही. कोण आलं होतं? भाच्यासाठी चौकशी करायला कुणी बाई आली होती, फार चिकित्सक, काही न घेता गेली. सासूबाईंना? नाहीच कळलेलं त्यांना. सरका, जाऊ द्या मला.