पेटीतले पाहुणे

...आणि वर मलाच नोटीस, की कार्यालयातली घाण विनापरवानगी घरी नेली. आता मी काय हौसेनं नेली? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं सांडपाण्याच्या केंद्रावर पंप चालवतोय, थेंबभर घरी आणलं नाही. कामावरून आलो की मागच्या दाराशी कपडे उतरवायचे, अंघोळ करायची, मग तोंड उघडायचं, हा बायकोचा नियम. तिची बहीण विचारते, भावजी कुठे असतात, तर ही सांगते, "पाणीपुरवठ्यात." आहे की, फक्त उलट्या बाजूनं.

तर झालं काय, आमच्याकडे एक संशोधक बाई आल्या. काचेची पेटी, तळाशी आमच्याच टाकीतला गाळ, त्यात कार्बनच्या कांड्या, तारा, आणि शेंगदाण्याएवढा दिवा. म्हणाल्या, "काका, यातले जीवाणू घाण खातात आणि खाता खाता वीज सोडतात." मी म्हटलं, "जंतू?" तर म्हणाल्या, "जंतू नाही म्हणायचं. जीवाणू." बरं, जीवाणू. रोज ग्लासभर सांडपाणी पाजायचं आणि गारठ्यात ठेवायचं नाही. मी जपलं. यात माझं काय चुकलं, सांगा.

मग बाई गेल्या आठवडाभर परगावी, आणि इकडे साहेबांनी सफाई काढली. जिकडे तिकडे ब्लीचिंग पावडर. मी विचारलं, "साहेब, पेटीचं काय?" साहेब म्हणाले, "ओतून दे." ओतून दे... बाईंची दीड वर्षाची मेहनत ती. मी पेटी टॉवेलात गुंडाळली आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. शेजारचा म्हणाला, "मासे का?" म्हटलं, "मासेच, जरा बारीक आहेत." यात माझं काय चुकलं?

घरी बायको दारात आडवी. "एक तर हे आत येईल, नाही तर तुम्ही." म्हटलं, "मग त्यांना घे, मी थांबतो बाहेर." काय वाटलं कोण जाणे, मागच्या दाराशी फळीवर जागा दिली. पण बरोबर आणलेलं सांडपाणी दोन दिवसांत संपलं, केंद्रावरचं आणावं तर त्यात ब्लीचिंग, जीवाणू मरायचे, आणि दिवा मिणमिणत मिणमिणत विझला. मी नुसता बघत बसलो. बाईंना काय तोंड दाखवणार?

बायको फळीपाशी आली. मग म्हणाली, "खातात काय हे?"

"घाण."

"ती आपल्याकडे नसते," म्हणाली ठसक्यात. आणि बटाटे उकडलेलं पाणी गार केलं, बोट बुडवून बघितलं, पोळणार नाही ना, आणि हळूच ओतलं. दोन दिवस काही नाही. ही जाता येता वाकून बघते. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवा लागला. हिनं बहिणीलाच फोन लावला, "अगं, ह्यांच्या कामावरचं आहे. हो, सांडपाण्याचं. वीज करतात त्यातून." बावीस वर्षांत पहिल्यांदा... मी आपला अंघोळीच्या निमित्तानं आत गेलो, जरा वेळ नळ सोडून उभा राहिलो.

बाई परत आल्या, वीज आधीपेक्षा जास्त झालेली बघून चाट पडल्या. साहेबांनी नोटीस काढली, बाईंनी त्यांना चार शब्द सुनावले, तरी फाइलला लागायची ती लागलीच. पेटी केंद्रावर गेली. परवा घरी आलो, मागच्या दाराशी शर्ट काढतोय, तर आतून बायकोचा आवाज, इतका मायेचा, "जेवण झालं का नीट?" मला भरूनच आलं हो. म्हटलं, "झालं गं, पण आज जरा कमीच..."

तर म्हणाली, "तुमचं नाही विचारत."