कोनाड्यातली चकती

आमची नात नांदेडला वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलसाठी झिर्कोनियाच्या, म्हणजे चिनीमातीसारख्या पांढऱ्या, चकत्या भाजते. तापल्यावर त्यातून ऑक्सिजनचे आयन जातात म्हणे. महिनाभर एकेक चकती भट्टीत तडकत राहिली. शेवटी एक साबूत निघाली. ती घेऊन घरी लातूरला आली, अन् कुणाचा हात लागू नये म्हणून देवाच्या कोनाड्यात ठेवली.

सकाळी लिंगपूजेला बसलो. कपाळाला लावायच्या विभूतीची वडी समजून मी तीच ओल्या बोटानं घासली. बोटाला काहीच लागेना.

"कुण्या दुकानदारानं ही भेसळीची विभूती दिली?" मी ओरडलो.

नात पळत आली, तवा कळलं, हातात तिची चकती हाय. म्हटलं, आता रडती.

"आज्जा, बोटाला भुकटी लागली का?"

"कणभर न्हाई."

ती माझ्यापाशीच खाली बसली. "मग पक्की भाजली. भुसभुशीत राहिली असती, तर आयन नीट गेले नसते." अन् हसली, महिन्यानं.

त्या दिवशी विभूती लावायची राहूनच गेली; कोऱ्या कपाळानं चहा पिलो, अन् कुणावर ओरडलो न्हाई.